कोन सेट नुसता आवळू नका

मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खालून ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजवाला हँडलच्या मधला मोठा नट जोर लावून आवळतो, आवाज बंद होतो, गाडी घरी येते. चार दिवसांनी तोच गाडीवाला सांगायला लागतो की गाडी सरळ चालत नाही, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत हळू चालवताना एकदा डावीकडे पडते, एकदा उजवीकडे. मग टायरला दोष, मग शॉकअपला दोष. कोन सेटकडे, म्हणजे हँडल ज्यांवर वळतं त्या वरच्या-खालच्या बेअरिंगांकडे, कुणी परत बघत नाही, कारण तो ‘आत्ताच केलाय’.

मी सातपूरला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. बेअरिंगांशी रोजची गाठ असते, त्यामुळे सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या गाड्या सुट्टीच्या दिवशी माझ्या दारात लागतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पार्ट लागत नाही, नीट तपासणी लागते. म्हणून आधी तपासणी, मग सेटिंग आणि बदलायचं काम अगदी शेवटी, याच क्रमाने सांगतो.

चाकाचं बेअरिंग फिरतं. हँडलचं फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. हा एवढा फरक डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप समजतं. नाशिकहून सिन्नरला गेलात तर चाकाच्या बेअरिंगमधले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, हजारो फेरे मारतात, पण हँडल सगळा वेळ सरळ रेषेच्या दोन-चार अंश इकडेतिकडे. म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा प्रत्येक छर्रा ज्या कडीत बसतो त्या वाटीच्या त्याच एका ठिकाणी उभा राहून खड्ड्यांचा मार खातो. तिथलं ग्रीस हळूहळू बाजूला सरतं, लोखंडाला लोखंड लागतं, तांबूस भुकटी तयार होते आणि वाटीत छर्र्याच्या आकाराचे बारीक खळगे पडतात. पुढे हँडल बरोबर मध्यभागी आलं की त्या खळग्यांत ‘बसतं’. गाडी सरळ ठेवायला तुम्ही सतत बारीक बारीक हँडल हलवत असता, ते हे खळगे होऊ देत नाहीत. गाडी ओढते ती त्यामुळे.

दुसरी गोष्ट. वर एक आणि खाली एक असे दोन सेट असतात आणि दोघांचं काम सारखं नसतं. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन जवळजवळ सगळं खालच्या सेटवर येतं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखलही तिथेच जातो. म्हणून आधी खालचा जातो. वरचा उघडून बघितला, चकाचक दिसला आणि ‘सेट चांगला आहे’ म्हणून बंद केला, तर तुम्ही काहीच बघितलं नाही.

हे काम करायला मला दसऱ्यानंतरचे दिवस बरे वाटतात. पावसाळाभर त्र्यंबक रोडला, इगतपुरीकडे गाडी पाण्यात चालवलेली असते. वर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळं नाशिक वॉशिंग सेंटरच्या रांगेत उभं असतं. तिथला पोऱ्या प्रेशरचा पाइप हेडलाइटच्या मागे घालून मनापासून धुतो. त्या ठिकाणचं धुळीचं झाकण शिंतोडे अडवण्यासाठी असतं, असल्या झोतापुढे ते टिकत नाही. पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. पूजा करा, झेंडूची माळ घाला, पण पाइप हँडलच्या मुळाशी नेऊ देऊ नका. बादली आणि फडकं पुरतं.

तपासणी: चाक हवेत असलं पाहिजे

शेजारचा मुलगा परवा गाडी घेऊन आला.

“काका, कोन सेट गेलाय. नवीन टाकून द्या ना.”

“कोण म्हणालं?”

“गॅरेजवाला.”

“त्याने पुढचं चाक उचललं होतं का?”

“नाही. ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलवली फक्त.”

“मग त्याला काय कळलं बाळा?”

ब्रेक धरून हलवणं चुकीचं नाही, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. त्या धक्क्यात डिस्कचे पॅड कॅलिपरमध्ये सरकून वाजतात, शॉकअपचे बुश झिजलेले असतील तर ते वाजतात आणि कोन सेटही वाजतो. ऐकायला तिन्ही सारखेच. या मुलाच्या गाडीचा आवाज पॅडचा होता. ओळखायची रीत सोपी आहे. एकाने ब्रेक धरून गाडी हलवायची. दुसऱ्याने खालची टी (दोन्ही शॉकअपना खालून धरणारा दांड्यासकटचा आडवा भाग) आणि फ्रेमची नळी जिथे भेटतात त्या फटीवर बोट आडवं ठेवायचं, अर्धं टीवर, अर्धं फ्रेमवर. तिथे दोन भाग एकमेकांपासून सरकताना बोटाला लागले तर कोन सेट ढिला आहे. तिथे काहीच नाही आणि आवाज मात्र येतोय, तर बोट शॉकअपच्या सीलवर न्या, मग कॅलिपरवर.

आता चाक उचला. डबल स्टँड असेल तर गाडी त्यावर घ्या आणि मागच्या सीटवर वाळूचं पोतं नाहीतर घरातलं कुणीतरी बसवा, पुढचं चाक वर येतं. नाहीतर इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा. सायलेन्सरच्या बेंडपाइपला जॅक लावू नका. डबल स्टँड नसलेल्या गाडीला मागून पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) आणि पुढून इंजिनाखाली जॅक असे दोन्ही आधार द्या, आणि कुणाला तरी सीट धरून उभं करा. गाडी आडवी झाली तर टाकीचा पोचा कोन सेटपेक्षा महाग पडतो.

चाक हवेत आलं की समोर उकिडवं बसा. दोन्ही शॉकअप एक्सलजवळ, अगदी खाली, घट्ट पकडा आणि स्वतःकडे ओढा, मागे ढकला. जोर नको, जाणीव हवी. ढिलाई असेल तर हाताला ‘टुक’ लागतं. फक्त चाक धरून हलवू नका. चाकाच्या बेअरिंगची ढिलाई असेल तर तुम्ही त्यालाच कोन सेट समजाल. चाकाचं वेगळं बघायचं: एका हाताने शॉकअप धरायचा, दुसऱ्याने चाक डावी-उजवीकडे हलवायचं.

मग हँडल. दोन बोटांनी, अगदी सावकाश, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत न्या. मुठीने धरू नका, मुठीला खळगे कळत नाहीत. मध्यावर क्षणभर अडकून पुढे सुटलं, तर वाटीत खळगे आहेत, पुढचं सेटिंग वाचायची गरज नाही, थेट बदलण्याकडे जा. सगळीकडे खरखर लागत असेल तर आत गंज किंवा माती. एका बाजूलाच जड जात असेल तर आधी क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल आणि हेडलाइटमागचं वायरिंग बघा. गाडीला नवीन हॉर्न किंवा एलईडी बसवून घेतल्यावर वायरिंगचा गठ्ठा नळीला आवळून बांधलेला मी पुष्कळ वेळा पाहिलाय, आणि दोष कोन सेटला.

शेवटची चाचणी मला सगळ्यात आवडते. हँडल सरळ ठेवा आणि बोटाने एका बाजूला किंचित टोला द्या. बरोबर सेट असलेलं हँडल स्वतःच्या वजनाने हळूहळू त्या बाजूला कलत जाऊन टोकाला टेकतं. दोन्ही बाजूंना तसंच. टोला देऊनही मध्येच उभं राहिलं तर फार आवळलेलं आहे. धाडकन जाऊन आपटलं तर ढिलाईसाठी पुन्हा तपासा. केबलींमुळे थोडा फरक पडतो, तेवढा सोडून द्यायचा. मॅन्युअलमध्ये ताणकाट्याने मोजायचा आकडा दिला असेल तर तो उत्तम. काटा शॉकअपला बांधून काटकोनात ओढायचा आणि हँडल हलायला लागतं त्या क्षणीचा आकडा वाचायचा.

सेटिंग

टुक लागतंय, पण हँडल मध्यावर अडकत नाही, अशाच गाडीला सेटिंगचा उपयोग आहे.

हँडलच्या खाली मधोमध दिसतो तो मोठा नट म्हणजे वरचा लॉक. ढिलाई तो काढत नाही. ती काढतो ब्रिजच्या, म्हणजे शॉकअपना वरून धरणाऱ्या आडव्या पट्टीच्या, खाली लपलेला खाचांचा रिंग नट. मोठा नट नुसता आवळला की ब्रिज त्या रिंग नटावर दाबला जातो, आट्यांतली सैलाई निघते आणि सेट थोडा कडक होतो. म्हणून आवाज बंद होतो. पण किती कडक झालं यावर तुमचा काही ताबा राहत नाही.

आधी टाकीवर जाड गोधडी टाका. पाना सुटला की तो तिथेच पडतो. अडथळा होत असेल तर हँडलचे क्लॅम्प सोडून हँडल गोधडीवर मागे झोपवा. ब्रेक ऑइलचा डबा मात्र उभा राहील असं बघा, ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं. आता मोठा नट सोडा, काढू नका, दोन-तीन आटे ढिला करा.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. शॉकअपचा पाइप दोन ठिकाणी धरलेला असतो, वर ब्रिजमध्ये आणि खाली टीमध्ये. दोन्ही ठिकाणी घट्ट असेल तर रिंग नट फिरवून टी वर यायला जागाच नसते, सगळा ताण पाइपांवर जातो. म्हणून एका ठिकाणचे क्लॅम्प बोल्ट ढिले करायचे. कुठले, ते गाडीवर अवलंबून. ज्या गाड्यांत पाइप वरच्या टोपी बोल्टने ब्रिजलाच अडकवलेला असतो तिथे खालचे, ज्यांत ब्रिजलाही क्लॅम्प आहेत तिथे वरचे. हे करताना चाकाखाली आधार ठेवा, म्हणजे पाइप जागचे सरकत नाहीत.

रिंग नटासाठी हुक पाना, म्हणजे खाचेत अडकणारा आकड्याचा पाना, लागतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो आणि आयुष्यभर पुरतो. छिन्नी लावून हातोडीने खाचा ठोकणं मला बघवत नाही. खाच एकदा मुडपली की पुढच्या वेळी तिथे पाना बसत नाही, मग पुन्हा छिन्नी, आणि किती आवळलं हे हातोडीच्या ठोक्याला कळत नाही. हुक पान्याने वरून बघताना घड्याळाच्या दिशेने थोडंसं, एका खाचेच्या अर्ध्याएवढं फिरवा. शॉकअप ओढून बघा. टुक गेला का? नसेल तर पुन्हा तेवढंच. टुक जिथे संपतो, त्याच्या केसभर पुढे थांबा.

मग मोठा नट आवळा आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. तो नट आवळल्यावर सेट हमखास थोडा कडक होतो, त्यामुळे आता हँडल जड लागेल. पुन्हा मोठा नट सोडायचा, रिंग नट किंचित मागे घ्यायचा, पुन्हा आवळायचा. दोन-तीन वेळा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. मोठा नट पूर्ण आवळलेला असताना जे हाताला लागतं तेच खरं सेटिंग. नटाचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना नसेल तर शेवटचा एवढा हात गॅरेजमध्ये मारून घ्या. क्लॅम्प बोल्ट आवळण्याआधी चाक जमिनीवर टेकवून पुढचा शॉकअप चार वेळा दाबा, पाइप आपापल्या जागी सरळ बसतात.

थोडं ढिलं आणि थोडं कडक यात निवड करायची वेळ आली तर? दोन्ही नको, पण लोक कडक हे सुरक्षित समजतात, ते चूक आहे. ढिलं असेल तर कसारा घाट उतरताना ब्रेकवर गाडी वाजते, तुम्हाला कळतं, तुम्ही दुरुस्त करता. कडक वाजत नाही. ते वाट्यांवर रोज दाब ठेवून खळगे लवकर पाडतं आणि गाडी वेलांटी घेत चालते.

बदलायचं ठरलं तर

खळगे पडलेल्या वाटीला आवळून इलाज नाही. आवळलं की खळगा आणखी घट्ट पकडतो. नुसते छर्रे नवीन टाकून जुन्या वाट्या ठेवण्याचाही प्रकार चालतो, पैसे वाया. वाटी ठोकून थोडी फिरवून बसवायचा जुगाडही आहे, म्हणजे छर्रे खळग्यांच्या मधल्या जागेवर येतात. गावाकडे अडलात, पार्ट मिळत नाही, तर तेवढ्यापुरतं ठीक. नाहीतर पूर्ण सेट, वरचा-खालचा दोन्ही, एकदम. काही शे रुपयांचा पार्ट आणि अर्धा दिवस मजुरीचा, त्यात अर्धवट काम कशाला.

मोबाइलवर केबलींचे आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवा, कुठली केबल कुठल्या बाजूने गेली ते नंतर आठवत नाही. शॉकअपचे पाइप ब्रिजच्या वर किती निघाले आहेत तेही मोजून घ्या. चाक, मडगार्ड, शॉकअप काढा. डिस्कचा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने फ्रेमला बांधा, आणि चाक बाहेर असताना पुढचा ब्रेक कुणाला दाबू देऊ नका. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली जाणार नाही हे बघा.

टी खाली उतरवताना खाली परात ठेवा. सुटे छर्रे असतील तर धबाधबा पडतात आणि अंगणातल्या फरशीवरून बरोबर गटारीत जातात. वरचे किती, खालचे किती, हे लगेच मोजा आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. काही गाड्यांत दोन्हीकडची संख्या आणि आकार वेगळा असतो. पिंजऱ्यातले छर्रे असतील तर हा त्रास नाही, फक्त पिंजऱ्याची कुठली बाजू वर होती ते बघून ठेवा.

फ्रेममधल्या वाट्या काढायला लांब सळई नळीच्या दुसऱ्या टोकातून घालायची, वाटीच्या कडेवर टेकवायची आणि एक ठोका या बाजूला, एक समोरच्या बाजूला असं करत बाहेर आणायची. एकाच बाजूने ठोकलं तर वाटी तिरकी होऊन अडकते आणि फ्रेमची नळी खरवडते. सळईला कडच मिळत नसेल तर वेल्डिंगवाल्याकडे जा. वाटीच्या आत वेल्डिंगचा एक फेर मारला की थंड होताना वाटी आकसते आणि सुटते. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, टाकी उतरवून लांब ठेवा.

नवीन वाट्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवल्या की किंचित आकसतात आणि सकाळी सोप्या जातात. घरच्यांना आधी सांगून ठेवा. बसवायला मी हातोडी वापरत नाही: लांब आटेदार रॉड, दोन जाड वॉशर, दोन नट. दोन्हीकडून आवळत गेलं की वाटी सरळ आत ओढली जाते. रॉड नसेल तर जुनी वाटी उलटी ठेवून तिच्यावर ठोका, नव्या वाटीच्या धावेला (छर्रे टेकतात त्या गुळगुळीत भागाला) हातोडी लागता कामा नये. तळाला टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो, तो ऐका. टीच्या दांड्यावरचा खालचा कोन (छर्रे आतून ज्यावर टेकतात ती कडी) छिन्नीने दोन्ही बाजूंनी हळूहळू उचलून निघतो. नवीन घालण्याआधी धुळीचं सील घालायला विसरू नका. कोन दांड्यावर पाइपच्या तुकड्याने बसवायचा, आणि पाइप कोनाच्या आतल्या कडेवर टेकला पाहिजे.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर), पाण्याला टिकणारं. यात कंजुषी नको. वाटी भरून द्या, त्या गादीत छर्रे एकेक रोवा. सगळे बसल्यावर थोडी जागा उरते, म्हणून आणखी एक छर्रा कोंबू नका. ती जागा हवीच असते. दांड्यालाही ग्रीसचा हात फिरवा, पाणी आत गेलं तरी गंज धरत नाही.

टी वर घालून रिंग नट लावला की नव्या सेटला आधी बसवणी द्यायची. रिंग नट जरा जोरात आवळा, टी टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, मग नट पूर्ण ढिला करा आणि आता हलक्या हाताने, ढिलाई जाईपर्यंतच आवळा. मॅन्युअलमध्ये दोन्ही वेळचे टॉर्क दिलेले असतात. मग शॉकअप, चाक, ब्रिज, मोठा नट, आणि वरची सगळी तपासणी.

टेपर रोलर टाकू का, असं बुलेटवाले हमखास विचारतात. जड गाडी, लांबचे प्रवास, खराब रस्ते असतील तर जरूर. रोलरची रेघभर टेकण असते, छर्र्याची ठिपक्याएवढी, त्यामुळे खळगे उशिरा पडतात. पण त्याला थोडा दाब देऊनच सेट करावं लागतं आणि हँडल किंचित जड लागतं. बाजारातल्या सेटची उंची मूळ सेटपेक्षा वेगळी निघू शकते, म्हणून ठोकण्याआधी जुना-नवा शेजारी ठेवून मोजा. शंभर सीसीच्या रोजच्या गाडीला छर्र्यांचा सेट पुरतो.

सगळं झाल्यावर पहिली फेरी गंगापूर रोडच्या गर्दीत नको. रिकाम्या रस्त्यावर चालण्याच्या वेगाने सरळ जा, मग हळू वळणं, मग ब्रेक. नवीन सेट पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये बसतो आणि थोडी ढिलाई पुन्हा येते, तेव्हा चाक एकदा परत उचला. रिंग नटाच्या एका खाचेवर आणि फ्रेमवर रंगाची खूण करून ठेवली असेल तर किती फिरवलं ते डोळ्यांना दिसतं. हुक पाना तोवर टूलकिटमध्येच राहू द्या.